हाताने ऐकणारी

मोबाईल उपडे ठेवा आधी. ही ऐकीव गोष्ट नाही. भोंगा माझ्या ओळखीचा. मी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो, तो रेकॉर्डी जमवतो. बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून भोंगा.

नाद एकच. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी बँड काढले. गिटारी किंचाळवल्या, डोकं गरगरेल असं झिंगलेलं, दणदणीत रॉक वाजवलं, पदरमोड करून शंभरेक प्रतींच्या रेकॉर्डी काढल्या. पुढे कुणी विचारलं नाही. भोंगा त्या शोधतो.

"काका, दुकानात नाही मिळत?"

"मिळाल्या असत्या तर भोंग्याचं लग्न झालं असतं, पुतणीबाई."

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी तो एका आजींकडे गेला. वय नव्वदीपार, घरात एकट्या. त्यांचा मुलगा अशाच एका बँडचा ड्रमर. चौघांनी एकच रेकॉर्ड काढली आणि महिन्याभरात तो तापाने गेला. भोंग्याने सगळीकडे शोधलं होतं. प्रत उरली होती एकच, आजींकडे. आणि आजी ती रोज रात्री वाजवायच्या. जुन्या, बोथट सुईने!

भोंग्याचा जीव खालीवर. आजींच्या कानाशी ओरडला, "झिजून जाईल हो! मला द्या, मी जपतो."

"जपून काय करू, बाळा? कपाटात ठेवलेलं लेकरू बोलतं का?"

आजींना ऐकू जवळपास येत नव्हतं, दिसायचंही अंधुक. गाणं लावून त्या प्लेअरच्या लाकडावर तळवा ठेवायच्या. ड्रम हाताला कळायचे.

इथे भोंगा चुकला. धडधडच हवी ना? त्याच्या पिशवीत दुसऱ्या एका बँडची रेकॉर्ड होती. तेवढीच, तशीच दणदणाट करणारी. आजी पाणी आणायला आत गेल्या. त्याने अदलाबदल केली.

चोरी केली असं त्याला वाटलंच नाही, पोरांनो. त्याला वाटलं, आपण ती वाचवली.

रात्री बाराला दहा कमी. घरी त्याने रेकॉर्ड लावली. खरखर झाली. एका पोराने चार आकडे मोजले आणि ड्रम कोसळले. भोंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपलं. त्याने सुई उचलली, बटण बंद केलं.

ड्रम थांबले नाहीत.

हळू. टेबलाच्या लाकडातून. ठक... ठक...

मग थांबणं. कुणी उत्तराची वाट पाहावी, तसं.

पुन्हा. ठक... ठक...

भोंग्याने टेबलावर तळवा ठेवला.

आवाज बंद.

...

आणि एकदम सुरू. वेडावाकडा. जोरात. टेबल हलायला लागलं. हात ओळखीचा नव्हता ना.

भोंगा रेकॉर्ड छातीशी धरून पळाला. पायात चप्पल नाही. एक वाजायला पाच मिनिटं असताना आजींच्या दारात. दार लोटलेलं. आत दिवा.

आजी खुर्चीत. तळवा लाकडावर. रेकॉर्ड फिरत होती.

"आजी..."

हात गार पडला होता.

त्याने आणलेली रेकॉर्ड लावली. आवाज मोठा केला. हाक मारली. पुन्हा लावली. पुन्हा. शेजारी जागे होईपर्यंत.

...

"मग, काका?"

मग काय. शेजाऱ्यांनी पुढचं केलं. मुलाची रेकॉर्ड त्याने आजींसोबतच पाठवली.

दुसऱ्या दिवशी भोंगा माझ्या दुकानात आला. एक शब्द बोलला नाही. भोंगा! आजींकडे बदलून ठेवलेली ती दुसरी रेकॉर्ड माझ्यापुढे ठेवली, बस. चांगली रेकॉर्ड रोज वाजवली तरी वर्षानुवर्षं पुरते. ही तिथे एकच रात्र होती. मी भिंगाखाली धरली. ज्यातून सुई फिरते, ती रेघ नाही. एकही नाही. बशीसारखी गुळगुळीत.

"...उलटी बाजू?"

तीही.