थांबू न दिलेलं घड्याळ

बर्फाच्या पिशव्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन विल्फ्रीदो भरदुपारी सासऱ्यांच्या घरी पोचला. काम साधंच होतं. सासरे डोन गुमेर्सिंदो नुकतेच गेले होते. नऊ दिवस रोज संध्याकाळी प्रार्थनेला अख्खी गल्ली जमणार, त्यांना निदान गार सरबत तरी द्यायला हवं! बारांकिया शहराच्या त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आपल्याच बुटांचा आवाज त्याला उगाच मोठा वाटला.

आत अंधार होता. आरसे चादरींनी झाकलेले, भिंतीवरचं घड्याळ बंद केलेलं. वितळलेल्या मेणाचा आणि कोमेजत चाललेल्या लिलीच्या फुलांचा वास घरभर साचला होता. समोर वेदी मांडलेली. क्रूस, मेणबत्त्या, म्हाताऱ्याचा फोटो, तहानलेल्या जीवासाठी पाण्याचा पेला, आणि पेल्याशेजारी ती चामड्याची डबी.

डबीतलं घड्याळ सासूबाईंनी, डोन्या नोएमींनी, स्वतः नवऱ्याच्या मनगटावरून उतरवून ठेवलं होतं. तेव्हाच त्यांनी विल्फ्रीदोला बजावलं होतं, "माणूस गेला की घरातली घड्याळं थांबवायची असतात, बाळा. याला काही किल्ली नाही, हातावर असलं की चालतं, काढून ठेवलं की आपोआप थांबतं. थांबू दे त्याला. नवव्या दिवशी वेदी उचलली, की हे सुटले. मग ते तुझंच."

मग तुझंच! एवढं कबूल केलेलं असताना माणसाने नऊ दिवस दम धरायला काय हरकत होती? पण हाव ही हावच. लग्न ठरवायला आला त्या दिवसापासून विल्फ्रीदोचा त्या घड्याळावर डोळा होता. पोलादी पट्ट्याच्या मधोमध सोन्याच्या कड्यांची रांग, सोन्याचं कडं, आत शँपेनच्या रंगाची तबकडी. नुसतं सोनं असतं तर भडक दिसलं असतं, नुसतं पोलाद असतं तर कारकुनी. पण दोन्ही एकत्र आले, की हातात घालणारा कसा खानदानी वाटायचा!

सासूबाई आत पडल्या होत्या. त्याने डबी उघडली. घड्याळ अजून चालू होतं. थंडगार, जड, गुळगुळीत. मनगटाला लावलं तर असं बेतोबेत बसलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सासऱ्यांचं मनगट त्याच्या दीडपट होतं. रिकामी डबी मिटून त्याने जागच्या जागी ठेवली आणि बाही खाली ओढली. असं घड्याळ पडून राहिलं की खराब होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाही वर गेली. तो फ्लॅट विकायचा. गिऱ्हाईक नकाशाकडे बघायचं सोडून त्याच्या मनगटाकडे बघत होतं. शेजारच्या टेबलावरचा अनिबाल तर ओरडलाच, "अरे वा रे पठ्ठ्या! सासरा गेला की पावला?"

"जळू नकोस, अनिबाल."

"जळतोय कसला! मलाही असलाच सासरा बघ ना एखादा. जरा खोकणारा."

विल्फ्रीदो पोट धरून हसला. त्या दिवसांत तो फार सुखात होता, खोटं कशाला बोला! सिग्नलला गाडी थांबली की हात खिडकीबाहेर काढायचा, उन्हात ती सोन्याची रांग पेटायची आणि त्याचा जीव भरून यायचा. घरी आणि प्रार्थनेला मात्र बाही खाली असायची.

मग एकदा संध्याकाळी त्याची बायको यादिरा बाजारातून घरी आली, तर हा दारात उभा. उंबऱ्यावर, पाय फाकून. डावा हात छातीपर्यंत उचललेला.

"इतका वेळ?" तो म्हणाला. "बेकरी कोपऱ्यावर आहे. कोणाशी बोलत होतीस?"

यादिराच्या हातातली पिशवी गळून पडली.

"अगं, गंमत केली…" तो घाईघाईने म्हणाला. पण त्याने गंमत केली नव्हती. ते शब्द तोंडातून आल्यावरच त्याच्या कानावर पडले होते.

"पप्पा असेच उभे राहायचे," यादिरा हळू आवाजात म्हणाली. "अगदी अस्से. आई घराबाहेर पडली की घड्याळ लावून. जरा उशीर झाला की आधी हिशेब द्यायचा, कुठे गेलीस, कोण भेटलं… आणि मग मार. ते गेले त्या दिवशी आई मेणबत्त्या आणायला गेली ना, तर किती हळू चालत आली माहितीये? झाडाखाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा. मी गच्चीवरून बघत होते." तिचे डोळे भरून आले. "एकदा वेदी उचलली ना, की सुटली बिचारी."

तेव्हाच त्याने कबूल करायला हवं होतं. पण त्याने बाही आणखी खाली ओढली. नवव्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन गुपचूप डबीत ठेवू, असं त्याने ठरवलं. गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

दिवेलागणीला प्रार्थना संपत आली. रस्त्याकडचं दार सताड उघडलं. जाणाऱ्या जीवाला वाट हवी म्हणून माणसं दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून उभी राहिली. प्रार्थना सांगणारी म्हातारी पेत्रोना एकेक मेणबत्ती विझवू लागली. "रडू नका कोणी. जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली. शेवटची ज्योत गेली. सगळ्यांचे डोळे मधल्या मोकळ्या वाटेकडे. विल्फ्रीदोला मात्र बाहीच्या आत बारीक थरथर लागत होती, छोटंसं काळीज धडधडावं तशी.

पेत्रोनाने डबी उघडली. "घे रे, जावयाचं दान…" ती थबकली. "रिकामी आहे गं, नोएमी."

विल्फ्रीदोने मान खाली घालून बाही सरकवली. डोन्या नोएमी जवळ आल्या. त्यांनी त्याचा हात उचलला आणि घड्याळाला कान लावला. कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. ते केलं असतं तर बरं झालं असतं.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे गेलेच नाहीत."

त्याने घड्याळ काढून वेदीच्या टेबलावर ठेवलं. "मला नको… आई, मला माफ करा." त्या घड्याळाला मग कोणी हात लावला नाही. वेदी गेली, फुलं गेली, आरसे उघडे झाले. पण घड्याळ थांबेना. यादिरा रोज आईकडे जाऊन यायची आणि रोज नुसती नकारार्थी मान हलवायची. शेवटी विल्फ्रीदोने ठरवलं, ते उचलायचं आणि सरळ माग्दालेना नदीच्या पात्रात फेकायचं. आपण केलंय, आपणच निस्तरायचं.

तो गेला तेव्हा दुपार होती. दार उघडंच होतं. डोन्या नोएमींच्या चपला दारात वेड्यावाकड्या पडल्या होत्या, धावत आल्यासारख्या. आतून त्यांचा आवाज येत होता. दबका, धापा टाकणारा.

"गर्दी होती हो… नाही, रस्त्यात कोणी नाही भेटलं… नाही… सरळ घरी…"

मध्येच त्या थांबायच्या. कोणी काही विचारत असावं, तेवढा वेळ. मग पुन्हा उत्तर.

विल्फ्रीदोने आत डोकावलं. टेबल रिकामं होतं. घड्याळ नव्हतं. खोलीत डोन्या नोएमींखेरीज कोणी नव्हतं. पाव छातीशी धरून त्या मान वर करून बघत होत्या, उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तशा.

त्याची चाहूल त्यांना लागली असावी. पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"विल्फ्रीदो," त्या काकुळतीने म्हणाल्या, "तूच सांग ना रे यांना… मी फक्त पाव आणायला गेले होते."

पळून जावं म्हणून त्याने पाय उचलायला बघितला, पण खोलीतलं कोणीतरी आता त्याच्याकडे वळलं होतं, ते त्याला समजलं.

"हो…" तो खाली मान घालून म्हणाला. "फक्त पाव आणायला."