सोमवारची हिरवी रेघ

मिस्त्रींनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. पहाटेच्या फेरीआधी सायकली दाखवायला आलेली चौघं पोरंपोरी अजून आत होती. त्यातल्या एकीने नकाशा पुढे धरला.

"मिस्त्रीकाका, या रस्त्याला गाड्या नसतात ना?"

"कुठल्या वारी?"

"म्हणजे?"

मिस्त्रींनी हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं. "बसा. माझ्या ओळखीच्या माणसाचं सांगतो. खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं."

त्या माणसाला सगळे आप्पा म्हणायचे. वाचनालयात ग्रंथपाल. पुस्तकांवर शिक्के मारता मारता पन्नाशी उलटली आणि सायकलचं वेड लागलं. गाड्यांचा त्रास नसलेले आडरस्ते शोधून ते नकाशावर काढायचे. पद्धत ठरलेली. रस्त्याच्या कडेला सकाळी सहा ते दहा बसायचं, जाणाऱ्या गाडीमागे एक रेघ ओढायची, पाच रेघा झाल्या की एक जुडी. दोन जुड्यांच्या आत निभावलं तर रस्ता शांत. नकाशावर हिरवी रेघ.

वाचनालयाला सुट्टी सोमवारी, म्हणून मोजणी सोमवारी. या रस्त्यावर चार तासांत दोन मोटरसायकली, एक दुधाचा टेम्पो, एक ट्रॅक्टर. आप्पा खूश.

रस्त्याच्या टोकाला दगडखाण होती. तिलाही सुट्टी सोमवारीच.

"बाप रे," पोरगी म्हणाली. "कुणाला विचारलं नाही त्यांनी?"

"नकाशा काढणारा माणूस रस्ता विचारतो होय? कमीपणा नाही का येत?"

आप्पांना एक मुलगी होती. दवाखान्यात रक्त तपासायची. फेरीला निघाली की कायम सगळ्यांच्या मागे. आप्पांच्या सायकल ग्रुपमध्ये तशी रीतच होती. एकाने शेवटी राहायचं, पुढचा थांबला की थांबायचं, त्याला ओलांडून कधी जायचं नाही. तिला सगळे 'शेपूट' म्हणून चिडवायचे. ती म्हणायची, "शेपूट आहे म्हणून तुम्ही सगळे घरी पोचता."

एका गुरुवारी ती कामावर एकटीच निघाली, बापाच्या हिरव्या रेघेवरून. ओढ्यावरच्या मोरीजवळ, वळणावर खडीचा डंपर आला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

भेटायला लोक आले तेव्हा आप्पा म्हणाले, "कानात गाणी घालून चालवायची. किती वेळा सांगितलं!"

जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. हल्लीची पोरं ऐकतात कुठे, वगैरे. एवढ्यात आप्पांची बायको आतून म्हणाली, "तिचे इअरफोन घरीच आहेत. माझ्या उशाशी."

सगळ्यांनी चहा संपवला.

दुसऱ्याची चूक पोटात घालावी, असं मोठी माणसं आपल्याला शिकवतात. स्वतःची मात्र सरळ गिळतात, आणि ढेकर मेलेल्याच्या नावाने देतात. खाणीची सुट्टी आप्पांना मुलगी गेल्यावर आठवड्यातच कळली होती, पण रेघ त्यांनी पुसली नाही. पुसली असती तर का पुसली ते सांगावं लागलं असतं. बायकोने आपलं अंथरूण मुलीच्या खोलीत नेलं. तसंच वर्ष गेलं.

मग ग्रुपच्या नव्या पोरांनी फेरी ठरवली. तीस जण, त्याच रस्त्याने, गुरुवारी. रेघ हिरवी होती, मग शंका कशाला घ्यायची?

फेरीच्या दोन दिवस आधी, नऊ फेब्रुवारीला, मंगळवारी रात्री साडेअकराला आप्पा काळ्या आणि पिवळ्या रंगाचे दोन डबे पिशवीत टाकून निघाले. फाट्यावर फेऱ्यांसाठी रंगवलेला जुना बाण बुजवायचा, दुसऱ्या वाटेकडे नवा काढायचा. पोरं बाण पाहून वळतील, कुणी काही विचारणार नाही. इथे मिस्त्री पोरांकडे बघून म्हणाले, "चोरासारखी निघाली स्वारी, पुण्यकर्माला."

काम दहा मिनिटांत झालं. तिथूनच परतायचं. पण वर्षभर न पाहिलेली ती मोरी दीड किलोमीटरवर होती… आप्पांनी सायकल तिकडे वळवली.

चंद्र नव्हता. दिव्याच्या उजेडात हातभर रस्ता दिसत होता. उतार लागला, आप्पांनी पेडल थांबवलं. चाक वाजायला लागलं. टिकटिकटिक…

मागेही वाजत होतं.

आप्पांनी पेडल मारलं. मागचा आवाज बंद झाला. पेडल थांबवलं. पुन्हा टिकटिक, दोन सायकलींची.

"कोण आहे?"



आप्पा कडेला सरकले. "जा पुढे."

पुढे कुणी गेलं नाही.

मोरी आली. आप्पांनी ब्रेक दाबला, पाय टेकला. मागची सायकल सावकाश आली. टिक… टिक… थांबली. दहा पावलांवर. कधीच ओलांडायचं नाही, तशी.

आप्पांना मान वळवता आली नाही.

"तू…?"

…

"घरी चल. आई…"

…

"कानात गाणी…" वर्षभर घोकलेलं वाक्य सवयीने जिभेवर आलं. अर्ध्यात अडकलं.



"कानात काही नव्हतं," आप्पा म्हणाले. "मला माहीत होतं. मी फक्त सोमवारी मोजलं, बाळा."

मागे चाक वाजलं. टिकटिक. दूर जात होतं. मग तेही नाही.

परतताना आप्पा नऊ वेळा थांबले. प्रत्येक वेळी पाय टेकून ऐकलं. मागे कुणी नव्हतं. ती आता त्यांच्या मागे नव्हती.

घरी त्यांनी बायकोला उठवलं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"हे म्हणायला वर्ष लागलं तुम्हाला. आणि तेही अंधारात," ती म्हणाली. "आता उजेडात म्हणा."

बुधवारी आप्पांनी तीसही जणांना आणि तेव्हा भेटायला आलेल्या म्हाताऱ्यांना गोळा केलं आणि उभं राहून सांगितलं. नकाशा चुकला होता, माझ्यामुळे चुकला, माझी मुलगी त्याने गेली. पोरं खाली बघत राहिली. त्या म्हाताऱ्यांपैकी दोघं उठून गेले.

दुकानात एका पोराने घसा खाकरला. "काका, पण मागची सायकल… भास असेल ना?"

"असेल की." मिस्त्रींनी चिंधीची घडी घातली. "गुरुवारी त्यांनी मला सोबत नेलं. सहाला मोरीवर बसलो. पहिल्यांदाच खऱ्या दिवशी मोजत होते. एकेक डंपर जायचा, अंगावर धूळ उडायची, ते कागदावर रेघ ओढायचे. सात वाजून दहाला, ती गेली त्याच वेळेला, सोळा झाले होते. सतरावा वळणावर हॉर्न देत होता. आप्पांच्या हातून पेन्सिल सुटली, मोरीखाली गेली. मी काढायला उतरलो."

"मग?"

"मोरीच्या भिंतीला आतून शेवाळं असतं. त्यात कुणीतरी नखाने रेघा ओढल्या होत्या. ताज्या. तीन जुड्या आणि एक सुटी रेघ."

"म्हणजे सोळा," पोरगी हळूच म्हणाली.

"त्यांच्या शेजारी अजून एक होती," मिस्त्री म्हणाले. "अर्धीच."