मंजुरीच्या प्रतीक्षेत

"पाय उचलू नका... आहात तिथेच थांबा."

आवाज टेबलाखालून आला. लॅपटॉप छातीशी धरून मी एक पाय कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, एक पाय बाहेर, अशी पुतळ्यासारखी उभी राहिले. टेबलाखालून एक हात आला आणि माझ्या चपलेजवळचा एवढासा स्क्रू उचलून घेऊन गेला. मग विस्कटलेल्या केसांचा दुकानदार बाहेर आला आणि स्क्रू उजेडात धरून असा हसला, की मी कशाला आले होते तेच विसरले.

आले होते बाबांसाठी. बाबांनी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या. आई गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि बोलणंही जवळजवळ बंद केलं. शेवटी मीच त्यांना ब्लॉग काढून दिला. पंक्चर कसं शोधायचं, ब्रेक का किंचाळतात, असं ते लिहू लागले आणि हळूहळू जेवताना पुन्हा बोलू लागले. कारण त्यांना वाचक मिळाले होते. रोज ढीगभर प्रतिक्रिया यायच्या. अडचण एवढीच, की त्यातली एकही माणसाची नव्हती.

'अप्रतिम लेख! आजच वजन घटवा!' असं आलं, की बाबा खाली लिहायचे, 'आभारी आहे. माझं वजन बेताचंच आहे, पण आपण चौकशी केलीत, बरं वाटलं.' लॉटरी लागल्याचं कळवणाऱ्याला त्यांनी ते बक्षीस एखाद्या गरजूला द्यायला सांगितलं होतं. आणि परवा अशाच कुठल्याशा लिंकवर क्लिक केल्यापासून लॅपटॉप हातपाय गाळून बसला होता.

दुकानदाराने हे सगळं वाचलं. मला वाटलं हसेल, पण हसला नाही. म्हणाला, हा सगळा स्पॅम काढावा लागेल. सगळं काढलं तर पान ओकंबोकं होईल आणि बाबा पुन्हा गप्प होतील. मी त्याला गळ घातली, की तुम्हीच वेगवेगळ्या नावांनी काही बरं लिहा ना.

"मग त्या वजनवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" तो म्हणाला.

मला राग आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

रविवारी तो घरी आला आणि बाबांना सगळं नीट सांगितलं. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता मी नळ बंद केला.

"म्हणजे कुणीच वाचत नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"मी वाचलंय," तो म्हणाला. "आणि काका, ओळखायची खूण सोपी आहे. लेख न वाचताही जे लिहिता येतं, तो स्पॅम. वाचल्याशिवाय जे सुचणारच नाही, ते खरं."

यापुढे प्रत्येक प्रतिक्रिया आधी बाबांकडे थांबेल, मग त्यांनी ती मंजूर करायची किंवा कचऱ्यात टाकायची, अशी सोय त्याने करून दिली. जाता जाता म्हणाला, मागचं चाक तिरकं असलं की चेन घसरते असं तुम्ही लिहिलंय, माझी तशीच घसरते. बाबा उठलेच. मग परत बसले.

"प्रतिक्रियेत विचारा. इतरांनाही उपयोग होईल."

तेव्हा त्याने आमच्याच सोफ्यावर बसून मोबाइलवर प्रश्न टाइप केला. शेजारच्या खुर्चीत बाबांनी तो मंजूर केला, सावकाश उत्तर लिहिलं, आणि मगच दोघं खाली सायकलपाशी गेले. मी चहा घेऊन जिन्यात बसले.

त्यानंतर दर रविवारी त्याच्या सायकलचं काही ना काही बिनसू लागलं.

"फारच आजारी असते सायकल तुझी," एकदा मी म्हणाले.

"तुझी?"

"तुमची म्हणायचं होतं..." मी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

"राहू दे ना. तेच बरं वाटलं."

"स्वतःच ढिले करतोस ना स्क्रू?"

"एखादाच..." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मग उगाचच चेन तपासू लागला.

ब्लॉगवर आता खरी माणसं येऊ लागली होती. सायकलने कामावर जाणारी एक नर्स तर बाबांशी रोज ब्रेकवरून वाद घालायची. बाबा खुशीत होते. मीच रविवारची वाट बघून हैराण व्हायचे.

एका रविवारी तो वर आलाच नाही. मी उगाचच पडदे सारखे करत होते, तेवढ्यात बाबांनी हाक मारली.

"एक प्रतिक्रिया अडकली आहे. मंजूर करू की टाकू कचऱ्यात?"

मी वाकून वाचलं. 'काका, हा प्रश्न सायकलचा नाही. तोंडाने विचारायला जमत नाही. तुमची मुलगी हसू आवरायचं असलं की चष्मा पुसते, काच स्वच्छ असली तरी. चहा देताना गरम बाजू स्वतः धरते आणि कपाचा कान समोरच्याकडे करते. तुम्ही उत्तर लिहीत असता, तेव्हा ती भांडी वाजवत नाही. मला ती फार आवडते. तिला विचारा आणि ती म्हणेल तसं करा.'

"बाबा, हे सगळ्यांना दिसेल..."

"मंजूर केलं तरच." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "खाली उभा आहे मघापासून. सायकल ठणठणीत आहे, मी पाहिली वरून."

माझा हात चष्म्याकडे गेला.

"काच स्वच्छ आहे गं," बाबा म्हणाले. मग पुन्हा एकदा ती प्रतिक्रिया वरपासून खालपर्यंत वाचून त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "नीट वाचून लिहिलंय पोराने."

मी 'मंजूर' दाबलं आणि चप्पल न घालताच जिना उतरू लागले. मागे बाबा एका बोटाने उत्तर टाइप करत होते. नंतर मी ते पाहिलं. 'आभारी आहे. आपण चौकशी केलीत, बरं वाटलं. ती खाली येते आहे.'