तिसऱ्या कंपनीची रेंज

“तुमच्याकडे कुठल्या कंपनीची रेंज भुतांपर्यंत पोचते?” हा प्रश्न भर दुकानात, हसू न येऊ देता विचारून दाखवायचा, अशी पैज होती.

पैज लावली होती टकळीच्या मायदेशी मागे राहिलेल्या मैत्रिणींनी, लंबूने आणि चष्मीने. कारण टकळी गेले काही दिवस जरा हवेतच होती. परदेशात, आणि तेही शहरात नव्हे, शेतांच्या मधोमध वसलेल्या एका खेड्यात, नव्या शाळेत सुरुवातीला तिची दातखीळच बसली होती. मग एक दिवस तिने परक्या भाषेत अख्ख्या वर्गाला हसवलं. झालं. टकळीची टकळी पुन्हा सुरू झाली. हे नाव तिला दादाने ठेवलेलं. दादाला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं होतं.

दुकानात गमबूट, कोंबड्यांचं खाद्य, बॅटऱ्या आणि सिमकार्डं गुण्यागोविंदाने एकाच फळीवर नांदत होती. दुकानवाली साठीच्या पुढची, जाड स्वेटरातली. इथे फोन कुठल्या कंपनीचा घ्यावा, असं टकळीने आधी सभ्यपणे विचारलं. कंपन्या तीन आहेत, बाई म्हणाली. पहिली स्वस्त, तिच्यावरून परदेशी फुकट बोलता येतं, पण त्यासाठी टेकडी चढावी लागते. दुसरी मोठी, सगळीकडे थोडी थोडी चालते. तिसरी इथलीच, लहान. मग टकळीने पैजेचा प्रश्न विचारला आणि गाल आतून चावून धरला.

बाई हसली नाही. तिने डब्यात हात घालून एक सिमकार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

“तिसरीची,” ती म्हणाली. “पण सगळ्याच घरांत येत नाही. तुमच्याकडे येते का बघा.”

टकळीने पहिल्या कंपनीचंही कार्ड घेतलं आणि टेकडीवर जाऊन हे मैत्रिणींना मीठमसाला लावून सांगितलं. चष्मीला हसता हसता ठसका लागला. पैज टकळीने जिंकली होती.

बाबा गुरांचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं पडलं, महिनाभर तिन्ही कंपन्या वापरून बघू, मग दोन वर्षांचा करार करू. बाबा गायीलासुद्धा औषध आधी थोडं देऊन बघतात, असं आई पूर्वी चिडवायची. हल्ली ती चिडवत नसे. दादाच्या खोलीत बसून बसून ती इतकी मुकी झाली होती, की बाबांनी शेवटी ही एवढ्या लांबची नोकरी धरली, फ्लॅट रिकामा केला आणि किल्ल्या एजंटच्या हातात दिल्या. विमानात आई एकच वाक्य बोलली होती.

“त्याला सांगितलंच नाही आपण.”

बाबांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

तर सिमकार्डांची वाटणी अशी झाली. मैत्रिणींसाठी पहिली कंपनी टकळीने घेतली, कामासाठी मोठी बाबांनी. उरलेली तिसरी आईला, कारण आईला फोन येणार तरी कुणाचा?

तिसरीची रेंज घरात इतर कुठेच नव्हती. स्वयंपाकघरात मागच्या दाराशी, भांडी घासायच्या जागेजवळ मात्र ती गच्च भरलेली असायची. टकळी शाळेतून यायची तेव्हा आई तिथे उभी दिसायची, फोन कानाला, डोळे मिटलेले. ती बोलत नसे. पण तिने केस विंचरलेले असायचे. एक दिवस तिने गादीची खोळ बदलली. एक दिवस टकळीला म्हणाली, किती वाळलीस गं. बाबांचा जीव भांड्यात पडला. हवा मानवली, ते म्हणाले.

टकळीला त्या हवेबद्दल शंका होती. शाळेच्या बसच्या खिडकीतून तिला दिसायचं, ट्रॅक्टरवाला कुंपणाला टेकून उभा आहे, फोन कानाला. पोस्टमन भिंतीवर बसलाय, फोन कानाला. ऐकणारा माणूससुद्धा मधूनमधून “हं” तर म्हणतो ना? ही माणसं ओठ उघडतच नव्हती. जणू कुणाला तरी आपला आवाज ऐकू जाईल याची धास्ती होती.

शेवटी तिने आईला विचारलंच, कुणाचा फोन असतो. आईने उत्तर द्यायच्या ऐवजी फोन तिच्या कानाला लावला.

आधी नुसता पोकळपणा. सामान हलवल्यावर खोली जशी घुमते तसा. मग नळ टपकायला लागला. लिफ्टची जाळी ओढल्याचा आवाज आला, मधेच अडकून पुन्हा सरकणारी. तो आवाज टकळीने जुन्या घरी रोज सकाळी शाळेला जाताना ऐकला होता. आणि मग स्लिपर. एक पाऊल नीट, दुसरं फरफटत. दादाचा डावा पाय लहानपणी मोडला होता, तेव्हापासून ती स्लिपर अशीच घासत यायची. पावलं बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेली. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. बंद झालं.

“सगळ्या खोल्या बघतो,” आई म्हणाली. “मग पुन्हा पहिल्यापासून.”

टकळी काही भित्री नव्हती. तिने डोकं चालवलं. कुणाच्या तरी फोनमध्ये आपली लाइन घुसली असेल, कुणाची तरी थट्टा असेल. टेकडीवर जाऊन तिने लंबूला जुन्या बिल्डिंगमध्ये पिटाळलं. लंबूने परत फोन करून सांगितलं, फ्लॅटला कुलूप आहे, एजंट कुणालाच घेऊन आलेला नाही, दाराला कान लावला तर आत चिटपाखरू नाही. फक्त नळ गळतोय तुमचा, बाबांना सांग.

निघताना पाण्याचा मुख्य नळ बाबांनी स्वतः पिळून बंद केला होता.

त्यांच्या घरची एक रीत होती. नवखा पाहुणा यायचा असला, की आई त्याला दारात पोचेपर्यंत फोनवरून सोडायची नाही. सगळा पत्ता एकदम सांगायचा नाही, माणूस गोंधळतो. इथपर्यंत या, पुढचं मग सांगते. पिवळी भिंत दिसली? आता डावीकडे वळा. बाबा म्हणायचे, हिने विमानसुद्धा उतरवलं असतं.

एका दुपारी आई बाहेर कपडे वाळत घालत होती आणि मागच्या दाराशी फोन वाजला. टकळीने घेतला. पावलं तिच्याच जुन्या खोलीत येऊन थांबली होती. बराच वेळ तिथेच होती. मग भिंतीवरून हात फिरवल्यासारखं काही तरी खसखसलं, तिची चित्रं जिथे चिकटवलेली असायची तिथे.

टकळीला राहवलं नाही.

“दादा, आम्ही तिथे नाही रे आता,” ती म्हणाली. “आम्ही इथे आलोय.”

आणि ती त्याच आईची लेक. सुटलीच मग. विमान, आगगाडी, मग बस, सगळं एका दमात सांगितलं. आमच्या गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गिरणीपर्यंत ये, पुढचं मग सांगते, म्हणाली. पलीकडे नळसुद्धा टपकायचा थांबला होता. मग दाराची कडी सरकली.

दुसऱ्या दिवसापासून पोकळपणा गेला. फोनवर वारा ऐकू येऊ लागला. मग गाड्या. मग नुसता रस्ता आणि त्यावर घासत जाणारी स्लिपर. आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती आता रोज दुपारी बोलायची. हो, बरोबर आहेस. दमलास का? सरळच ये. एकदा तर ती हसली. बाबा दारात उभे होते. त्यांना वाटलं, मावशीशी बोलतेय. ते डोळे पुसत गोठ्यांच्या फेरीला निघून गेले.

महिना संपत आला. बाबांनी निर्णय सांगून टाकला, तिघांनाही मोठी कंपनी, बाकीची कार्डं बंद. भाजी चिरता चिरता आईचा हात थांबला. टकळीने तिच्याकडे पाहिलं. पुढची वाट विचारायला दादापाशी हा फोन सोडून दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. आई अंघोळीला गेली होती. फोन वाजला.

खडी. दूरवर गिरणीच्या छपराचा सुटलेला पत्रा आपटत होता. तोच पत्रा टकळीला खिडकीतूनही ऐकू येत होता, फोनपेक्षा किंचित उशिरा.

स्लिपर घासत गिरणीच्या पुढे आली.

“आता पूल येईल, दादा,” टकळी हळूच म्हणाली.

स्लिपर थांबली. तो ऐकत होता.

बाकीची पावलं थांबली नाहीत.

पुष्कळ होती. बूट होते, अनवाणी पाय होते, एक काठी होती. ती खडीवरून चालत त्याच्या अगदी मागे आली. मग तीही थांबली.

सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होते.

टकळीने तोंडावर हात दाबून धरला. तिने फोन बंद केला नाही. स्लिपर एकदा खडीवर घासली, दादाला उशीर होत असला की तो अधीर होऊन घासायचा तशी. मग आणखी एकदा.

ती काहीच बोलली नाही. दादापुढे, आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी बाबा कराराचा कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. आई समोर पोळ्या वाढत होती, गुणगुणत. टकळीने येऊन कागदावर हात ठेवला.

“बाबा, तुम्ही कामाला मोठी घ्या. पण घरात तिसरी राहणार, दोन्ही वर्षं. माझं ठरलंय. त्याला अर्ध्या रस्त्यात सोडायचं नाही.”

बाबांनी आईकडे पाहिलं. कोणाला, असं त्यांनी विचारलं नाही.

“आणि आई, उद्यापासून फोन मी घेणार. तू नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही. पुलानंतर कुठे वळायचं, ते त्याला कुणीच सांगायचं नाही. तो एकटा येत नाहीये.”