मुरुमचं बुजवलेलं पेव

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही; आमच्या मुरुमात तर कुणाचाच बसत नाही. निजामी संपली त्या साली गोठ्याचा पाया खणताना एका बुजवलेल्या पेवात, म्हणजे ज्वारी साठवायच्या खोल खड्ड्यात, सांगाडा निघाला. मांडी घालून बसलेला!

घरची थोरली सून महादेवी. तिनं धाराशिवहून महारुद्र जमादाराला बोलावलं. नोकरी सोडून तो खाजगी तपास करायचा. नाक असं, की चप्पल हुंगून माणसाचं गाव सांगायचा. सोबत धोंडीबा, अंगानं रेडा, डोक्यानं उखळ.

“पाच वर्षं झाली,” महादेवी म्हणाली. “मालक श्रीशैलला गेले म्हणतात. कुंकू लावू का पुसू, तेवढं सांगा.”

महारुद्र पेवात उतरला. एकही हाड मोडलेलं नव्हतं. डाव्या पंजाच्या हाडांत इष्टलिंग, लिंगायत गळ्यात बांधतात ते.

“दरोडेखोरांचं काम!” धोंडीबा वरून ओरडला.

“तू गप.”

गडी गुंडाप्पाला विचारलं.

“बंद पेव उघडलं की दिवसभर वारं लागू द्यायचं, साहेब. मग कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं न्हाय. मालक गेले त्या दिशी म्या रानात होतो. लेव्हीची, सरकारच्या सक्तीच्या वसुलीची ज्वारी उचलणारे गावात शिरलेले, लई धावपळ. परतलो तर पेव बुजवलेलं.”

महादेवी तेव्हा माहेरी, तामलवाडीला होती. राहिला धाकटा दीर कल्याणप्पा.

“पाणी लागलं म्हणून म्याच बुजवलं,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “अण्णा सकाळीच श्रीशैलला गेलेले.”

महारुद्रानं सगळ्यांना अंगणात बसवलं.

“वैऱ्यानं मारून फेकलं असतं. इथं बसवलंय, हातात लिंग दिलंय. लिंगायताला अशी माती घरचाच माणूस देतो, आणि घरी एकटे कल्याणप्पा. पोती दडवायची घाई. वारं लागू दिलं नाही, कंदील सोडला नाही. ‘उतरा अण्णा’ म्हणाले. अण्णा आत गुदमरले.”

“मग हाक का मारली न्हाय?” धोंडीबानं विचारलं.

“गाव धावला असता. अण्णा वाचलेही असते. पण मागोमाग लेव्हीवाले आले असते, आणि पोती समोरच होती. मग पेवाला वारं लागल्यावर यांनीच उतरून अण्णांना बसवलं, वर माती लोटली.”

कल्याणप्पानं वहिनीचे पाय धरले. सगळं कबूल केलं. तिनं पदरानं कुंकू पुसलं, आणि...

“पुरे, कल्याणप्पाआज्जा!” ओट्यावर शेंगा फोडणारी शेजारची रुद्रम्मा मला म्हणाली. “कुठला आला महारुद्र? तुम्ही कुणाचे पाय धरले न्हाईत. महादेवीआज्जी मरेस्तोवर कुंकू लावून वाट बघत होती. आन् ते पेव कुणी उकरलंच न्हाय अजून.”