आठवा पाइप

जुन्या गाडीला हात लावायचा तर आधी बॅटरीची तार सोडायची, मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्यायची, आणि मगच पाना उचलायचा. मिस्त्रींनी सदतीस वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. "पेट्रोलशी आणि जावयाशी मस्करी नको," असं ते म्हणत, आणि त्यांना जावई तीन होते.

त्या सकाळी ते ग्रंथपालबाईंच्या घरी आले होते. बाई नुकत्याच निवृत्त झालेल्या. घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. भाऊ सहा वर्षं वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. गाडी त्यांचीच. हिंडतेफिरते होते तेव्हा तिचं सगळं काम ते स्वतः करायचे, दुसऱ्याला साधा स्क्रूसुद्धा पिळू द्यायचे नाहीत. आजारी पडले त्या आठवड्यापासून गाडी खालच्या गॅरेजात तशीच उभी होती.

"उद्या दुपारी घेणारा येतोय," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाइप तेवढे बदलून गाडी सुरू करून द्या. आणि ठोकाठोक जपून हं. दादाला सांगितलेलं नाही."

"आज ना उद्या कळेलच की, ताई."

"कळेल तेव्हा कळेल. या जागेत त्याच्यासाठी खोली करायचीय. जिना चढून-उतरून माझे गुडघे कामातून गेलेत."

बाई वर गेल्या. मिस्त्री कामाला लागले.

आधी पेट्रोलचे पाइप. खाली फडकं अंथरलं, पाइप पकडीनं चिमटला, क्लिप सैल केली आणि टोक हलके हलके फिरवत ओढून काढलं. चमचाभर पेट्रोल फडक्यात जिरलं. कुजून त्याला व्हार्निशसारखा वास सुटला होता. रबराला टाचेच्या भेगांसारख्या चिरा पडल्या होत्या. मग रेडिएटरचे दोन, हीटरचे दोन. प्रत्येकावर पट्टी चिकटवून ते नंबर घालत होते आणि जुना पाइप वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत होते. या मॉडेलला सात पाइप, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

सातवा काढला, आणि इंजिनाच्या मागे त्यांना आठवा दिसला.

करंगळीएवढा जाड. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यातून निघून तो खाली सांगाड्याच्या पोकळीत शिरत होता. मालकानं स्वतः काहीतरी जोडलं असणार. मिस्त्रींना बरं वाटलं. दुसऱ्याच्या डोक्यातली कारागिरी उलगडण्यासारखं सुख नाही.

त्यांनी पाइपला हात लावला. पाइप कोमट होता.

सहा वर्षं बंद पडलेली गाडी. गॅरेजात उन्हाचा कवडसासुद्धा नाही. शेजारचं लोखंड गार. मिस्त्रींनी पाइप दोन बोटांत धरला. तो किंचित फुगला, थांबला, बसला. पुन्हा फुगला.

आता मात्र ते बाकीचं काम विसरले. त्यांनी खालचं टोक सोडवलं. पेट्रोल आलं नाही, पाणी आलं नाही. टोकासमोर ओलं बोट धरलं तर हवा लागली. बाहेर आली, मग आत गेली. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा. पाइपाच्या मधोमध एक चीर होती, तिथून दर खेपेला बारीकशी शिट्टी वाजत होती.

उष्णतेनं हवा फुगते, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण फुगलेली हवा अशी दम घेत नाही.

गाडीचं दार उघडून ते आत पाठीवर झोपले आणि टॉर्च घेऊन पत्र्याची आतली बाजू पाहिली. पत्रा सलग होता. भोक नव्हतं. बोटांनी चाचपून पाहिला, तरी नव्हतं.

पाइप कुणाचा, हे कळायला सोपा उपाय असतो: तो चिमटायचा आणि काय बंद पडतं ते पाहायचं. मिस्त्रींनी टोक परत बसवलं, पकड घेतली, पाइप दाबला आणि मोजायला सुरुवात केली.

अकराव्या आकड्याला वरून खोकला ऐकू आला. पंधराव्याला पलंग करकरला आणि बाईंची पावलं धावली. मिस्त्रींनी पकड सोडली. खोकला थांबला.

"ठसका लागला दादाला," बाई जिन्यावरून म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

योगायोग म्हणतात तो हाच, मिस्त्रींनी स्वतःला सांगितलं. पण मन गप्प बसेना. पुन्हा करून पाहणं बरोबर नाही हे समजत होतं, आणि हात तर पकडीकडे गेला होता. त्यांनी पाइप अगदी क्षणभर दाबला, सोडला. पुन्हा क्षणभर दाबला, सोडला.

वरून दोन उचक्या आल्या. तेवढंच अंतर राखून.

मिस्त्रींनी पकड खाली ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. आणि तेव्हा त्यांना दिसलं की त्यांच्या दाबण्यानं ती चीर नखभर वाढली आहे. शिट्टी आता मोठी झाली होती. जुनं रबर एकदा फाटायला लागलं की थांबत नाही. हा पाइप संध्याकाळ काढणार नव्हता.

काय आहे, कसं आहे, ते नंतर. पाइप बदलायला हवा होता, आणि ते काम त्यांना येत होतं.

त्यांनी नवा पाइप मापानं कापला. दोन्ही क्लिपा आधीच ओवून ठेवल्या. टोकं आतून थुंकीनं ओली केली, म्हणजे सरकतील. मग जुन्या पाइपावर बोट ठेवून ते थांबले. हवा आत गेली, पूर्ण आत गेली.

त्यांनी दोन्ही टोकं उपसली.

खालचं टोक झटक्यात बसलं. वरचं निसटलं.

वर पलंग करकरला.

पुन्हा लावलं. पुन्हा निसटलं. बोटांना ग्रीस होतं.

"दादा! दादा, अरे बघ माझ्याकडे!"

मिस्त्रींनी हात सदऱ्याला पुसले. टोक धरलं, दाबलं, पिळलं.

बसलं.

क्लिप त्यांनी गच्च आवळली.

पाइप हलला नाही.

मग तो फुगला. एकदाच, खोल. हळूहळू बसला. मग आपल्या लयीत चालू लागला, आवाज न करता.

थोड्या वेळानं बाई खाली आल्या. पदराला ओले डोळे पुसल्याचे डाग होते. "जीव घेतला होता हो माझा. आता शांत पडलाय. आणि नवल सांगू? त्याच्या छातीत कायम शिट्टी वाजायची. आत्ता नाही वाजत."

मिस्त्रींनी फडक्यानं हात पुसले. एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी इंजिनाविषयी आजवर खोटं सांगितलं नव्हतं.

"ताई, गाडी विकू नका. इंजिन गेलंय. घेणाऱ्याला तसं कळवून टाका."

"गेलंय? मग भंगारात देऊ."

"तेही नको." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "इथेच असू दे. हलवू नका. वर्षातून एकदा मी येऊन पाइप बघून जाईन. माझी हौस समजा."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्या काही विचारणार, एवढ्यात वरून हाक आली. पुरुषाचा आवाज, जड पण स्पष्ट. बाई वर गेल्या.

मिस्त्रींनी बाकीचे सात पाइपही बसवून टाकले, कारण उघडलेलं काम अर्धं सोडायचं नसतं. बॉनेट लावलं, हत्यारं पेटीत भरली.

बाई परत आल्या तेव्हा शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

"मी त्याला तुमच्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणाला, खाली आहेत त्यांना सांग, काम झकास झालंय. फक्त क्लिप जरा जास्त आवळली गेलीय, अर्धा आटा सैल करा म्हणावं."

बाईंनी बंद बॉनेटकडे पाहिलं.

"कसली क्लिप हो, मिस्त्री?"