अकरा नंबरच्या दाराचा रंग

गल्ली रस्तारुंदीकरणातून वाचवायची, तर सतराही दारं मूळ रंगात दिसली पाहिजेत, अशी अट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. गल्लीकरांनी रजा टाकून, हाताला फोड आणून सोळा दारं रंगवली होती. राहिलं होतं अकरा नंबर, एका बुकबाइंडरचं घर. कित्येक वर्षं बंद.

"तूच जा," शिंपीणकाकू घड्याळवाल्यांच्या मुलीला म्हणाल्या. "खरवडून मूळ रंग काढायचं कॉलेजात शिकलीस ना? आणि भरदुपारी कसली भीती गं, दचके?"

दचकी हे तिचं गल्लीतलं नाव. कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं भांडं पडायचं. पण नऊ नंबर तिचं घर होतं, खाली बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ते पाडलं तर बाबांनी कुठे बसायचं? ती गेली.

सुरी आडवी धरून एकेक थर अलगद उतरवायचा. हिरवा निघाला. त्याखाली तपकिरी, मग राखाडी. गल्ली जेवून सुस्तावली होती. सुरीचा तेवढा आवाज... खर्र, खर्र. तिने हात थांबवला. आवाज थांबायला मात्र जरा वेळ लागला.

लाकूड पोकळ असेल, तिने स्वतःला समजावलं, आणि शेवटचा थर उघडा केला. निळा. तो सुरीला चिकटून आला. ओला होता. ताज्या तेलाचा वास दरवळला.

तिने कशीबशी रंगाची नोंद केली, सामान पिशवीत कोंबलं आणि कोणाच्याही दारातून निघताना म्हणतो तसं सवयीने बोलून गेली, "येते हं."

"थांब..." दाराआडून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. "मीपण येते."

ती धावत घरी आली. कोणाला काही बोलली नाही. सांगितलं असतं, तर त्या दाराला ब्रश लावायला कोण गेलं असतं? संध्याकाळी दार निळं झालं.

सकाळी तपासनीसबाईंनी सगळी घरं आतबाहेर पाहिली आणि शेवटी बाबांच्या दुकानात बसून कागद पुढे ओढले. अख्खी गल्ली दारात श्वास रोखून उभी.

"रंग उत्तम," बाई म्हणाल्या. "पण नऊ नंबरात तीन माणसं लिहिलीत. चार आहात की."

"तीनच," ती म्हणाली. "आईबाबा आणि मी, एकुलती मुलगी."

"मग वर मला पाणी कोणी दिलं?"

"आई असेल..." म्हणता म्हणता तिला आठवलं, आई सकाळीच कामावर गेली होती.

"हे बघा, माहिती चुकली तर गल्ली बाद होते."

शिंपीणकाकूंनी तिला कोपराने ढोसलं. "अगं, असेल कोणी पाहुणी. चार लिही आणि मोकळी हो."

तिने तीन खोडलं. चार लिहिताना आकडा वेडावाकडा आला.

बाईंनी शिक्का उचलला. "चौथीचं नातं काय लिहू?"

तेवढ्यात जिन्यावरून शांत उत्तर आलं, "थोरली मुलगी."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, जिन्याकडे बघून मायेने हसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हो, ती थोरली," ते बाईंना म्हणाले. "आणि ही धाकटी."